घरच्या घरी शिशाचे जिग: ओतण्यापासून पावडरच्या रंगापर्यंत

असोग्याच्या खालच्या अंगाला मलप्रभेच्या काठी बसून जाळी दुरुस्त करणारे एक अण्णा होते. फेकजाळ्याच्या कडेला लावायची शिशाची पट्टी ते बोटांनी वळवायचे आणि दाताखाली धरून घट्ट दाबायचे. मग त्याच तळहातावर तंबाखू-चुना मळायचा आणि ओठाखाली धरायचा. मी एकदा धीर करून म्हणालो, "अण्णा, शिसं तोंडात घालू नका, विष आहे ते." ते हसले. "चाळीस वर्षं घालतोय की रे बाळा. काय झालं मला?" त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे. शिसं एका दिवसात कुणाला आडवं करत नाही. ते रक्तात जातं, तिथून हाडांत जाऊन वर्षानुवर्षं बसतं. लहान मुलाच्या बाबतीत तर अमुक इतकं शिसं चालतं असं म्हणायला डॉक्टर तयारच होत नाहीत.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात रॉड घेऊन मासे धरणारी पोरं आता बरीच झालीत. विकतचे जिग, म्हणजे शिशाचं डोकं ओतलेले गळ, महाग पडतात आणि खडकाळ नदीत एका सकाळीत चार-पाच अडकून जातात, म्हणून बरेच जण घरी ओततात. त्यातले काही स्वयंपाकघरातल्या गॅसवर, जुन्या चहाच्या पातेल्यात ओततात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. जिग घरी उत्तम बनतो, विकतच्यापेक्षा चांगला बनतो, पण त्याला जागा वेगळी लागते, भांडी वेगळी लागतात आणि रंग पक्का भाजलेला लागतो. रंग फक्त माशासाठी नाही. तो शिसं आणि तुमचा हात यांच्यामध्ये उभा असतो.

काय बनवतोय आपण

जिग म्हणजे गळाच्या नेढ्याजवळ शिशाचं डोकं ओतलेलं. मागे रबरी शेपटी किंवा पिसं. डोकं जड असल्यामुळे तो तळाशी जातो, आणि रॉडचं टोक हलकेच उचललं की उड्या मारत येतो. शिंगाळा, शिवडा तळाला हिंडणारे मासे, त्यांच्यासाठी हा प्रकार चांगला. मरळ वरवर घेते तरी कडेच्या खोल डोहात छोटा जिगही धरते. चिलापीला अगदी बारीक, २-३ ग्रॅमचा.

वजन आधीच ठरवता येतं. शिशाची घनता ११.३४, म्हणजे एका घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम. गोल डोकं ८ मिलिमीटर व्यासाचं असेल तर साधारण ३ ग्रॅम, १० मिलिमीटरचं ६ ग्रॅम, १२ चं १० ग्रॅम, १५ चं २० ग्रॅम. व्यास दीडपट झाला की वजन तिप्पटीच्या वर जातं, हे साचा करून घेताना लक्षात ठेवा. संथ पाण्यात ६ ते १० ग्रॅम पुरतात. कृष्णेच्या ओढीत किंवा वेंगुर्ल्याच्या खाडीत २० लागतात. एक किलो शिशात १० ग्रॅमचे नव्वदच्या वर जिग सहज होतात, कारण कापलेले तुकडे परत वितळवता येतात.

गळ मात्र जिगचाच घ्या, नेढ्याजवळ ६० किंवा ९० अंशांत वाकवलेला. सरळ गळ पकडीने वाकवून वापरू नका, तो त्याच जागी मोडतो, आणि मोडतो तेव्हा पलीकडे मोठा मासा असतो.

शिसं कुठलं घ्यायचं

मोडीवाल्याकडे जुन्या केबलवरचं वेष्टण, जुने नळ, जाळ्याची वजनं मिळतात. हे मऊ शिसं, सगळ्यात चांगलं. टायरच्या दुकानात बॅलन्सिंगची काढलेली वजनं डबाभर पडलेली असतात, पण त्यात भेसळ असते. क्लिपवाल्या जुन्या वजनांत थोडं अँटिमनी असतं, त्याने धातू कडक होतो, ते चालतं. काही वजनं जस्ताची असतात आणि काही लोखंडाची. ती वेगळी काढायला नख पुरतं. शिशावर नखाचा ओरखडा उठतो, जस्तावर उठत नाही. फरशीवर टाकलं तर शिसं मुकं पडतं, जस्त खणकन वाजतं. एखादा तुकडा चुकून कढईत गेलाच तरी घाबरू नका. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, जस्त ४१९ ला. आच बेताची ठेवली तर जस्त न वितळता वर तरंगत राहतं, पळीने उचलून टाका. आच वाढवली की तेही वितळून मिसळतं, आणि मग ते शिसं घट्ट रवाळ लापशीसारखं होतं, साच्याचे कोपरे भरत नाही.

गाडीची बॅटरी फोडून शिसं काढायचं नाही. तिच्यात सल्फ्युरिक आम्ल असतं, पट्ट्यांत आर्सेनिक, अँटिमनी, कॅल्शियम असतं. तिची मळी ओली झाली तर विषारी वायू सुटतो, ज्याचा वास येण्याआधीच माणूस कोसळू शकतो. बॅटरी जिथून घेतली तिथेच परत द्यावी, पैसेही मिळतात.

साचा

पहिला साचा मी प्लास्टर ऑफ पॅरिसचा केला. सगळे तसंच सांगतात, स्वस्त आणि सोपा. एक जिग मातीत अर्धा दाबून दोन भागांत ओतला, आठ दिवस गच्चीवर उन्हात वाळवला, हाताला अगदी कोरडा खडखडीत लागला. पहिल्याच ओतणीला साच्याच्या तोंडातून शिसं फुटाण्यासारखं उडालं. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. गालावर तीन ठिपके भाजले, त्यातला एक अजून दिसतो.

कारण नंतर वाचून कळलं. प्लास्टर घट्ट होतं तेच पाणी धरून. घट्ट झालेल्या जिप्समच्या वजनात सुमारे २१ टक्के पाणी असतं, ते ओल म्हणून नाही, तर त्याच्या स्फटिकातच बांधलेलं. उन्हाने ते जात नाही. ३५० अंशांचं शिसं त्याला लागलं की ते सुटतं, आणि पाण्याची वाफ झाली की ती साधारण १,७०० पट जागा मागते. तेव्हा प्लास्टरचा साचा वापरू नका. लाकडाचाही नको, तो धुमसतो आणि पाच-सहा ओतण्यांत जळतो.

अॅल्युमिनियमचा साचा हवा. विकतचे तयार मिळतात, पण आपण बेळगावात राहतो. उद्यमबाग, मच्छे या भागात फौंड्री आणि मशीन शॉप रांगेने आहेत. ओळखीच्या कारागिराला १२ मिलिमीटर जाडीच्या दोन अॅल्युमिनियम पट्ट्या देऊन काम सांगा. त्याला असं सांगायचं: दोन्ही पट्ट्या जुळायला ६ मिलिमीटरच्या दोन डॉवेल पिना. बॉलनोज कटरने प्रत्येक पट्टीत अर्धा गोल, म्हणजे १० मिलिमीटरच्या डोक्याला १० चा कटर ५ मिलिमीटर खोल. गळाची दांडी आणि नेढं बसायला खोबण, खोली तारेच्या निम्मी. डोक्यामागे दांडीवर छोटी गाठ उठेल असा खड्डा, त्यावर रबरी शेपटी अडकून बसते. वरून ओतायला काउंटरसिंकने नरसाळ्यासारखं तोंड. गळ स्वतःचा घेऊन जा आणि खोबण त्याच गळावर बसवून बघा. ही एक गोष्ट ढिली राहिली तर प्रत्येक जिगला पापुद्रा सुटेल आणि तो कापण्यातच दिवस जाईल. हवा बाहेर पडायला डोक्याच्या वरच्या कडेपासून बाहेरपर्यंत एक केसाएवढी रेघ सुईने ओढा. मुठी लाकडी बसवा.

एका पट्टीत चार-पाच घरं, म्हणजे जिगचे खड्डे, करून घ्या. मशीनवर चढवायचा वेळ तेवढाच जातो.

जागा, कपडे, हात

आमच्याकडे ओतायचा हंगाम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. हवा कोरडी, वारा हलका. पावसाळ्यात खानापूरकडे भिंतींनासुद्धा पाणी सुटतं, तेव्हा हे काम काढू नका. एप्रिल-मेमध्ये दुपारी आभाळ भरून आलं तर लगेच आवरा. वळवाचा पहिला थेंब कढईत पडला तर तो वर पडून उडतो. खरा धोका थेंब पृष्ठभागाखाली गेल्यावर असतो, म्हणजे ओली पळी बुडवली, ओला तुकडा टाकला, तेव्हा सगळी कढई उसळते. म्हणून तापलेल्या शिशात नवीन तुकडा टाकताना तो आधी कढईच्या कडेवर ठेवून गरम करायचा.

काम परड्यात, पत्र्याच्या छपराखाली, तिन्ही बाजू उघड्या. चुलीपासून, गोठ्यापासून, वाळत घातलेल्या कपड्यांपासून लांब. वारा पाठीवर घ्या. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर ओतण्याचा दिवस ते घरी नसतानाचा काढा.

कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे. टेरिकॉट, नायलॉन अंगाला चिकटून जळतं. चामड्याचे बंद बूट, वेल्डरचे चामडी हातमोजे, डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा किंवा चेहऱ्याची पारदर्शक ढाल. नाकाला कापडी रुमाल काही कामाचा नाही. बारीक धूळ अडवणारा पी १०० फिल्टरचा रबरी मास्क घ्या, तोच पुढे पावडरलाही लागतो. बाजूला कोरड्या वाळूची बादली. पाण्याची बादली कढईजवळ नकोच. ती दहा पावलांवर ठेवा, भाजलं तर तिथे जाऊन वीस मिनिटं वाहतं पाणी घ्यायला. भाजल्यावर टूथपेस्ट किंवा हळद लावू नका.

आता तंबाखूचं. आपल्याकडे हे मोकळेपणाने बोललं पाहिजे. शिशाची वाफ लोक घाबरून विचारतात, पण ४०० अंशांच्या आत वाफ फार थोडी असते. घरी ओतणाऱ्याच्या अंगात शिसं जातं ते मुख्यतः हातावरून तोंडात. बोटांना लागलेली राखाडी भुकटी, त्या बोटांनी मळलेली तंबाखू, सोललेली शेंग, उचललेला चहाचा कप. काम सुरू केल्यापासून हात साबणाने दोनदा धुऊन होईपर्यंत तोंडाला काहीही लावायचं नाही. आधी थंड पाणी, नखं ब्रशने, मग परत साबण. कामाचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका, वेगळे धुवा. तेच बूट घालून घरात जाऊ नका. आणि ज्यांच्या घरात हे काम वरचेवर होतं त्यांनी रक्तातलं शिसं तपासून घ्यावं, साधी तपासणी असते.

वितळवणं

भांडं बिडाचं किंवा जाड लोखंडाचं. पातळ अॅल्युमिनियमचं पातेलं आचेवर मऊ पडतं आणि दोन किलो शिशासकट खचतं. छोटी बिडाची कढई, लोखंडी पळी, विटांवर पक्की बसलेली शेगडी. हलवून बघा, डुगडुगता कामा नये. त्या कढईत आणि पळीत परत कधीही अन्न शिजणार नाही. तिच्या कानाला लाल रंग मारून ठेवा, म्हणजे घरातल्या कुणालाही विचारावं लागणार नाही.

शिसं हळूहळू वितळतं, आणि मग बघता बघता सगळं एकदम पाण्यासारखं होतं. वर राखाडी साय धरते. आता वाटाण्याएवढं मेण टाका आणि कोरड्या पळीने तळापासून हलवा. मेण धूर काढतं, कधी पेट घेतं, तोंड लांब ठेवा. मेणामुळे सायीतलं थोडं शिसं परत खाली उतरतं आणि खरा मळ वर येतो. तो पळीने काढून पत्र्याच्या डब्यात टाका, झाकण लावा, वर "शिशाची मळी" लिहा. ही मळी भुकटी असते, सहज उडते, सगळ्या कामात हीच जास्त वाईट. कचऱ्यात किंवा उकिरड्यावर नाही, जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राला द्या.

तापमान ३५० ते ४०० मध्ये ठेवा. थर्मोकपलचा मीटर स्वस्तात मिळतो, तो घ्याच. तो येईपर्यंत कोरडी काडी टेकवून बघा: काडी हळूहळू तपकिरी होऊन काळी पडली तर आच बरोबर, टेकवताच पेटली तर फार. मऊ शिशाच्या स्वच्छ पृष्ठभागावर निळी-जांभळी झाक दिसायला लागली की आच ताबडतोब कमी करा.

ओतणं

साच्याच्या घरांना दिव्याची काजळी धरा, पातळ, सारखी. शिसं तिच्यावरून सरकत जातं आणि कोपरे भरतात. मग साचा गरम करा. कढईच्या कडेला टेकवून ठेवा आणि पहिल्या चार-पाच ओतण्या गळाशिवाय करा, ते गोळे परत कढईत. या पहिल्या गोळ्यांवर म्हाताऱ्याच्या कातडीसारख्या सुरकुत्या असतात. सुरकुत्या गेल्या की साचा तयार.

गळ बसवा, साचा मिटवा, मुठी घट्ट दाबा. पळी साच्याच्या तोंडाला जवळ आणा आणि एका दमात ओता, तोंड भरून वर थोडा गोळा राहील इतकं. मध्ये थांबलात तर डोक्यात थर पडतो आणि ते तिथून सुटतं. वरच्या गोळ्याची चकाकी जाऊन तो मंद झाला की मनात दहा मोजा, उघडा. जिग पक्कडीने उचला, हाताने नाही. दिसायला थंड वाटतो, पण असतो दोनशेच्या वर.

चुका जिग स्वतःच सांगतो. अर्धवट भरला किंवा सुरकुतला तर साचा गार आहे, नाहीतर हवेची रेघ बुजली आहे. पूर्ण भरला पण साखर लावल्यासारखा खरखरीत दिसला तर साचा फार तापला, मिनिटभर उघडा ठेवा. कडेने पापुद्रा आला तर साचा नीट मिटला नाही, दोन पट्ट्यांमध्ये शिशाचा कण अडकला असेल. बिघडलेले जिग कटरने गळापासून तोडून शिसं परत कढईत टाका.

वरचा देठ कटरने कापा. उरलेली कडा कानसने घासायची सवय बऱ्याच जणांना असते. ती सोडा. कानस म्हणजे भुकटी. धारदार सुरीने कडा तासली तर सालपटं पडतात, ती उचलता येतात, उडत नाहीत. खाली वर्तमानपत्र पसरा, काम झाल्यावर पाण्याने किंचित ओलं करून गुंडाळा. परड्यात झाडू मारू नका. ओल्या फडक्याने पुसा.

काही जण शिसं चकचकीत करायला व्हिनेगरमध्ये बुडवतात. करू नका. त्यातून शिशाचं विरघळणारं क्षार तयार होतं, आणि ते साध्या शिशापेक्षा कितीतरी सहज अंगात जातं. नवीन ओतलेला जिग त्याच दिवशी रंगवला तर चकचकीत करायची गरजच पडत नाही. थिनर लावलेल्या फडक्याने पुसा, म्हणजे बोटांचं तेल जातं, आणि नंतर डोक्याला हात लावू नका.

पावडर

साधा ऑइलपेंट दोन दगडांवर आपटला की निघतो आणि खालचं शिसं उघडं पडतं. पावडर कोटिंग म्हणजे तेच जे लोखंडी खिडक्यांना, फ्रिजला करतात. कोरडी राळेची भुकटी, रंग तिच्यातच. गरम धातूला लागली की वितळते आणि पुढे भाजली की कायमची घट्ट होते, परत वितळत नाही. उद्यमबागेत पावडर कोटिंगवाल्यांकडे उघड्या खोक्यांतली १००-२०० ग्रॅम पावडर मागितली तर बहुतेक जण देतात. पॉलिस्टर किंवा पॉलिस्टर-इपॉक्सी मिश्रण घ्या. खोक्यावरची भाजायची वेळ आणि तापमान मात्र वहीत लिहून आणा, पुढे लागेल.

रंग कुठले? पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्याला पोपटी, केशरी आणि काळा. काळ्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत, पण गढूळ पाण्यात त्याची आकृती स्वच्छ उठते. डिसेंबरनंतर पाणी निवळलं की पांढरा, करडा, शेवाळी. लाल रंग खोल पाण्यात सगळ्यात आधी विझतो, म्हणून हिडकल धरणाच्या खोल भागासाठी लाल डोकं करण्यात अर्थ नाही.

पावडर हवेने फुगवलेली हवी. बसलेल्या पावडरीत जिग बुडवला तर गठ्ठे लागतात. ५० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घ्या, तळाला जाड कागदी फिल्टर ताणून बसवा, त्याखाली बंद टोपण, टोपणात माशांच्या टाकीच्या पंपाची नळी. पंप हळू सुरू केला की पावडर तिसऱ्या हिश्शाने वर येते आणि उकळत्या दुधासारखी हलते. पंप नसेल तर रुंद तोंडाच्या बरणीत घेऊन काडीने ढवळून मोकळी करा, दर दोन जिगांनी परत. जवळ उघडी ज्योत अजिबात नको, हवेत उडालेली ही भुकटी भपकन पेट घेते. मास्क लावा.

आता कामाचा गाभा. औषधाच्या दुकानात आर्टरी फोर्सेप, म्हणजे कात्रीसारखा चिमटा, मिळतो, त्याने गळाचं वाकण धरा. गरम हवा फेकणाऱ्या हीट गनसमोर डोकं दोन बोटं अंतरावर धरून फिरवत १५-२० सेकंद तापवा. पावडरीत बुडवा, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, बाहेर. सगळं मिळून एक सेकंद. फोर्सेपवर टिचकी मारा. आता बघत राहा: डोकं आधी पीठ लावल्यासारखं मऊ, धूसर दिसतं, मग कडेपासून ओलसर होत जातं, आणि तीन-चार सेकंदांत सगळं एकदम चकाकतं. हे पहिल्यांदा नीट जमलं तेव्हा मी पंधरा जिग केवळ ते बघण्यासाठी रंगवले होते.

चकाकलं नाही, पीठ तसंच राहिलं, तर धातू गार होता. हीट गन लांबून, हळू दाखवा, जवळ आणली तर पावडर उडून जाते. बुडबुडे आले, धूर आला किंवा पांढरा रंग पिवळा पडला, तर फार तापला होता. जाड थर लागून डोक्याखाली थेंब लोंबला, तर वेळ जास्त झाली, पुढच्या वेळी पाच सेकंद कमी तापवा. गॅसच्या टॉर्चने कधीही तापवू नका. शिसं ओघळतं आणि गळाच्या पोलादाचं पाणी उतरतं, मग तो मासा ओढताना सरळ होतो.

रंग मऊ असतानाच नेढ्यात सुई घालून फिरवा. ही गोष्ट राहिली तर नदीवर, थंडीत, सकाळी सहा वाजता दगडाने नेढं फोडत बसाल. दोन रंग हवे असतील तर पहिला रंग चकाकल्यावर लगेच दुसऱ्या रंगाची चिमूटभर पावडर मऊ ब्रशवर घेऊन वरून टिचकीने शिंपडा. पाठ गडद, पोट फिकं, छोट्या माशासारखं. डोळे खिळ्याच्या डोक्याने, एनॅमलचा एक ठिपका, पण ते भाजून झाल्यावर.

भाजणं

चकाकलं म्हणजे झालं असं समजून बरेच जण इथेच थांबतात, आणि दुसऱ्या दिवशी रंग टरफलासारखा निघतो. पावडर वितळली आहे, अजून पक्की झालेली नाही. तिला भाजायलाच हवं. छोटा ओटीजी, म्हणजे घरगुती विजेची भट्टी, घ्या, जुना चालेल, आणि कढईसारखाच तो स्वयंपाकातून कायमचा बाद. ठेवा छपराखालीच, घरात नको.

बहुतेक पावडरी १८० अंशांच्या आसपास १५ ते २० मिनिटं मागतात, तुमच्या वहीत असेल ते खरं. ही वेळ धातू तेवढा तापल्यावर मोजायची, बटण फिरवल्यापासून नाही. ओटीजीच्या बटणावर भरवसा ठेवू नका, २०-३० अंशांचा फरक सहज असतो. आत थर्मामीटर ठेवा. जिग सायकलच्या स्पोकवर गळाच्या वाकणाने टांगा, एकमेकांना लागणार नाहीत असे, आणि कॉइलपासून चार बोटं लांब. कॉइलसमोरचं डोकं इतरांपेक्षा फार जास्त तापतं. वेळ झाल्यावर दार किंचित उघडून आतच गार होऊ द्या.

पक्कं झालं की नाही ते बघायला थिनरमध्ये बुडवलेला कापूस डोक्यावर वीस वेळा घासा. कापसावर रंग आला किंवा पृष्ठभाग चिकट झाला, तर परत ओटीजीत. मग एक जिग काँक्रीटवर जोरात आपटा. डोकं चेपेल, पण रंग सुटता कामा नये. प्रत्येक घाण्यातला एक जिग मी असा बळी देतो.

शेपटीला रबरी अळी घाला, किंवा कोंबडीची पिसं, बोकडाचे केस रेशमी दोऱ्याने दांडीवर बांधून गाठीवर नेलपॉलिशचा थेंब. मरळला केसांची शेपटी जास्त पटते असा माझा अनुभव आहे.

शिसं कुठे टाकायचं नाही

पाण्यात राहिलेलं शिसं पाणपक्षी खडा समजून गिळतात आणि मरतात. ब्रिटनमध्ये याच कारणाने १९८७ पासून सुमारे २८ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आहे. आपल्याकडे बंदी नसली तरी गावतळ्यात, जिथे बदकं आणि पाणकोंबड्या चिखल उपसतात, तिथे मी शिसं टाकत नाही. राकसकोप जलाशयाचं पाणी बेळगाव शहर पितं, तिथेही नाही. हिडकल किंवा नविलुतीर्थासारख्या धरणांवर मासेमारीची परवानगी आधी विचारा, आणि पावसाळ्यात मासा अंड्यावर असताना रॉड घरी ठेवा. नदीच्या खडकात जिग अडकला तर दोर तोडण्याआधी उलट्या बाजूला जाऊन ओढून बघा, निम्मे तरी सुटतात.

उथळ पाण्यासाठी त्याच साच्यात कथील ओता. ते २३२ अंशांनाच वितळतं, विषारी नाही, आणि हीच पावडर त्यावर बसते. घनता ७.३, म्हणून ६ ग्रॅमच्या घरात पावणेचार ग्रॅमचा जिग निघतो. महाग पडतं, पण बारीक जिगांना लागतं किती? बिस्मथ-कथिलाचं मिश्रण मात्र घेऊ नका. त्याचा एक सर्रास विकला जाणारा प्रकार १३८ अंशांनाच वितळतो. ओतायला मजा येते, आणि भाजायला ठेवलं की ओटीजीच्या तळाला थारोळं.

हंगाम संपल्यावर टवके उडालेले जिग बाजूला काढा. रंगासकट कढईत टाकू नका, जळक्या पावडरचा धूर फार वाईट असतो. टवका छोटा असेल तर थिनरने पुसून वर नेलपॉलिशचे दोन हात, मोठा असेल तर सुरीने आजूबाजूचा सुटा रंग तासून परत तापवा, परत बुडवा, परत भाजा. माझ्याकडे एक पोपटी जिग आहे, तो असा चार वेळा रंगवलाय, आणि दर दिवाळीनंतर मलप्रभेत पहिला तोच पडतो.